राजाच्या डोक्यावर माझ्या सरांची टोपी

थांबा, हे आत्ताच सांगते, न्हाईतर माझ्या पोटात दुखेल!

मी भोरच्या कॉलेजात इतिहास शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे पुढच्या वर्षी ठेवायचं का, हे दर वर्षी नव्यानं ठरतं. त्यासाठी काल प्रिन्सिपल सर माझं लेक्चर बघायला मागच्या बाकावर बसले होते. त्यांच्या सत्कारासाठी टोपी, टॉवेल, नारळ टेबलावर तयार.

विषय यादवी युद्धं, इंग्लंडचं आणि अमेरिकेचं. म्हटलं, "पोरांनो, ही मोठी भावकी समजा. इंग्लंडात राजा एकीकडं, पार्लमेंट दुसरीकडं."

आणि नाटकच बसवलं. पासलीचा ओंकार राजा, भाटघरची साक्षी पार्लमेंट, भोरचा रेहान जज.

साक्षी कडाडली, "आमाला न इचारता कराची पट्टी लावतुस?"

"लावनार! राजा हाय मी!"

लढाई झाली. डस्टर उडाले. राजा हरला. आता रेहाननं शिक्षा द्यायची, मुंडकं उडवायचं. पुस्तकात तसंच आहे.

रेहान उठला. "भावकीत कुनी मुंडकं उडवतं व्हय? बसून मिटवा. ओंक्या, चुकलं म्हन."

"चुकलं."

झालं! मी "अरे अरे" करेपर्यंत रेहाननं सरांची टोपी राजाच्या डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि नारळ उंबऱ्यावर फोडला. गावाकडं भांडण मिटलं की असंच करतात. वर्ग खोबरं खायला लागला.

मागून सरांचा आवाज आला, "मॅडम, राजा जिवंत कसा?"

माझं पुढचं वर्ष गेलं, एवढंच कळलं.

साक्षी खोबरं चावत म्हणाली, "सर, मिटवलं की राजा जित्ता ऱ्हातो, म्हनून तर तिकडं मिटवलं न्हाई. मिटवलं असतं तर ह्यानं उद्या परत पट्टी लावली असती."

"लावनारच व्हतो की!" टोपीखालून ओंकार.

"बघा! मग पार्लमेंट कधी मोठं झालं असतं? अमेरिकेतबी तेच. उत्तर-दक्षिण गोड बोलत बसले असते, तर गुलामगिरी तशीच ऱ्हायली असती."

सर उठले. रेहाननं घाईघाईनं त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. सरांनी तो खाल्ला.

"पोरांना विषय कळलाय. जूनमध्ये या, मॅडम." दारात थांबून म्हणाले, "टोपी तेवढी धुऊन द्या."

तात्पर्य: राजाला मारायचं असेल तर सत्काराचं सामान कपाटात ठेवावं.

तुमच्या वर्गात कधी पोरांनी इतिहास असा परस्पर मिटवलाय का? सांगा ना!