झेंड्याचं हळदीकुंकू

माझी काकू इकडे उत्तरेत, दुर्गाघाटच्या आमच्या गल्लीतल्या छोट्या शाळेत शिकवायची. निवृत्त झाली तरी सव्वीस जानेवारीचा झेंडा तिच्याच हातून चढायचा. चढवण्याआधी ती पांढऱ्या पट्टीच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट टेकवायची. नवी पोथी येवो की नवा कुकर, आम्ही मराठी माणसं आधी हळदीकुंकू लावतो, मग वापरतो. झेंड्याला लावलं म्हणून कुणी कधी नाक मुरडलं नव्हतं.

यंदा मात्र कुणीतरी फोटो काढून मोबाइलवर फिरवला. 'तिरंग्यावर डाग'! दुपारीच पोलीस येऊन काकूचा हळदीकुंकवाचा पितळी करंडा पुरावा म्हणून घेऊन गेले, आणि तिला चौकीत बोलावून गेले.

मी बँकेत नोकरी करतो. खाकी दिसली की माझा आवाज आपोआप खाली जातो. वाटेत काकूला म्हणालो, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. माफी माग नि मोकळी हो. उगीच बहस करू नकोस."

"बघू," ती म्हणाली, आणि गल्ली अडवून बसलेल्या सांडाला वळसा घालून पुढं गेली.

चौकीत एक दरोगा, म्हणजे इकडचा फौजदार, बसला होता, दाराशी एक तरुण महिला सिपाही उभी होती. दरोगा काकूला बस म्हणाला नाही. "झंडे पर कुछ भी लगाना जुर्म है, माताजी. जेल हो सकती है." मग स्वतःच उपाय सांगितला. काकूनं मोबाइलसमोर म्हणायचं, मैंने तिरंगे का अपमान किया, माफ़ी माँगती हूँ. तो व्हिडिओ दरोगा सगळीकडे टाकणार, आणि प्रकरण मिटणार. असा व्हिडिओ कोणत्या कायद्यात बसतो, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला आणि तिथंच राहिला.

दरोग्यानं मोबाइल धरला. काकूनं पदर सारखा केला आणि हिंदीत बोलू लागली, वर्गात बोलायची तशी, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशी. झेंड्याला काही लावू नये हे मला माहीत नव्हतं, आता कळलं, पुन्हा लावणार नाही. पण अपमान केला असं मी म्हणणार नाही, कारण तो मी केलेला नाही.

"उतना ही बोलिए, जितना कहा है."

"तो आप ही बोल लीजिए," काकू म्हणाली.

मी हळूच तिचा पदर ओढला. ती मात्र थांबली नाही. संक्रांतीनंतर आमच्या मराठी घरांमधून हळदीकुंकवं चालतात. काका गेल्यापासून काकूला कुणी बोलावत नाही, कारण विधवेच्या हातचं कुंकू घेत नाहीत. आमच्या घरातही घेत नाहीत, आणि त्याबद्दल कुणी बोलतही नाही. ते तिनं त्या मोबाइलसमोर सांगितलं. "हमारे हाथ का हल्दी-कुंकू कोई नहीं लेता. साल में एक बार झंडे ने लिया. उसे अपमान कैसे कह दूँ?"

इतकी वर्षं एका ओसरीवर जेवलो, पण ही बाई केवढी आहे हे मला त्या चौकीत कळलं. जेलची भीती घातली तरी ती खरं तेवढंच बोलत होती.

दरोग्यानं मोबाइल खाली ठेवला. असा व्हिडिओ त्याच्या काय कामाचा! "जाइए," तो म्हणाला. "आगे से ध्यान रखिए."

महिला सिपाहीनं टेबलावरचा करंडा उचलला. मला वाटलं, ती तो काकूच्या हातात देईल. तिनं टोपी काढली, करंड्याचं झाकण उघडलं आणि काकूसमोर वाकली.

"अम्मा, पहले हमको लगा दीजिए."

काकू एक पाऊल मागं सरली. "बेटी, मैं विधवा हूँ."

"सुना हमने, अम्मा," ती म्हणाली, आणि कपाळ पुढं करून तशीच उभी राहिली.