अप्पांच्या जबड्याचा कोन

अप्पांना मी फसवलं. डॉक्टरांनी त्यांना फसवलं ते नंतर, माझ्याच खोट्याचा आधार घेऊन. क्रम असा होता. लोकांना मात्र मी तो कायम उलटा करून सांगत आलो.

नांदेडला माझी कवळ्या बनवायची लॅब आहे. शिक्षण फार नाही. दुसऱ्याच्या लॅबमध्ये प्लास्टर कालवता कालवता काम उचललं आणि पुढे स्वतःचं टाकलं. अप्पा लातूरचे. तिथल्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सौदा निघाला की पोत्यांच्या थप्पीवर उभं राहून बोली पुकारायचे. माझे वडील तिथेच हमाल होते. भाव कुठे ताणायचा आणि कुठे सोडायचा हे मी अप्पांचा आवाज ऐकून शिकलो.

लातूरच्या एका तरुण दातांच्या डॉक्टरांचं काम माझ्याकडे यायचं. कवळी करताना जबडा कसा हलतो ते कळावं लागतं. कानापुढच्या सांध्याला एक उतार असतो आणि तोंड पुढे काढलं की खालचा जबडा त्या उतारावरून घसरतो. उतार किती, ते बघून आमच्या यंत्रावर कोन लावायचा आणि त्या हिशेबाने दात बसवायचे. बहुतेक डॉक्टर त्यासाठी मेण चाववून घेतात. लॅबवाले तेही न बघता सगळ्यांना एकच कोन लावतात. या डॉक्टरांनी पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवरून कोन काढायचं ठरवलं. मी आधी हसलो, मग शिकून घेतलं. फिल्मवर बटर पेपर ठेवायचा, डोळ्याच्या खोबणीखालून कानाच्या भोकापर्यंत एक रेघ मारायची, सांध्याच्या उतारावरून दुसरी, आणि कोनमापक लावायचा. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. हे काम मी करीन, पण तुमची एकही कवळी दुसऱ्या लॅबला जाता कामा नये, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

लातूरला रेल्वेने पाणी आलं ते वर्ष. मोंढ्यात आवक नव्हती. अप्पा म्हणाले, बसूनच आहे तर दात करून घेतो, पुढच्या सोयाबीनला तयार राहीन. दवाखाना पाण्यापायी एक दिवसाआड उघडत होता. डॉक्टरांनी मापं घेतली आणि फिल्म बसने पाठवली. त्याच दिवशी नव्या जिल्ह्याच्या मागणीसाठी रास्ता रोको झाला. बस अर्ध्या रस्त्यातून परत गेली आणि पार्सल लातूरच्या डेपोतच पडून राहिलं. फिल्मचा एक फोटो आधी मोबाइलवर काढून ठेवलेला होता, तो डॉक्टरांनी मला पाठवला. खिडकीच्या काचेला लावून, बाजूने उभं राहून काढलेला.

फोटो पाहताच कळलं की तो तिरका आहे. उजवा जबडा ताणलेला, डावा आखडलेला. त्यावरून कोन निघत नाही, हे मला समजत होतं. फोन करून एवढंच म्हणायचं होतं: फिल्म येऊ द्या, नाहीतर मेण चाववून घ्या. पण आठवड्यापूर्वीच आमचं भांडण झालं होतं. शब्द मोडून त्यांनी दोन कवळ्या हैदराबादला पाठवल्या होत्या आणि मी फोनवर नको ते बोललो होतो. आता अडवलं तर हेही काम तिकडे जाईल, असं मला वाटलं. मी यंत्रावर नेहमीचाच कोन लावला, दोन्ही बाजूंना सारखा. चिठ्ठीवर मात्र दोन वेगवेगळे आकडे लिहिले, आणि तेही मोडके, अर्ध्या अंशाचे, म्हणजे मोजल्यासारखे दिसावेत. फोनवर सांगितलं, मोजले.

सोयाबीन आलं त्या आठवड्यात मी मुद्दाम लातूरला गेलो. अप्पांना माझ्या दातांनी पुकारताना ऐकायचं होतं. ते थप्पीवर चढले. हळू बोलत होते तोवर ठीक होतं. आवाज चढवला तसा जबडा पुढे आला, पुढचे दात एकमेकांवर आपटले, आणि वरची कवळी मागून सुटून जिभेवर उतरली. त्यांनी ती आत सारली. पुढच्या बोलीला पुन्हा उतरली. खालून एक अडत्या म्हणाला, "अप्पा, आधी दाताचा सौदा उरकून घ्या." सगळे हसले. अप्पांनी दोन्ही कवळ्या काढून सदऱ्याच्या खिशात टाकल्या आणि बोळक्या तोंडाने पुकारू लागले. आकडा कुणाला कळेना. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जागी दुसरा माणूस उभा केला.

खाली उतरल्यावर अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तू वाईट वाटून घेऊ नको लेका. दात लई भारी केलास. माझा जबडाच वाकडा हाय म्हणं. डॉक्टरनं सांगितलं."

मी तसाच दवाखान्यात गेलो आणि बसलेल्या पेशंटांसमोर ओरडलो, की म्हाताऱ्याला वाकडा म्हणायला लाज नाही वाटली का? डॉक्टरांनी कपाटातून फिल्म काढून दिव्याच्या डब्यावर लावली. शेजारी माझी चिठ्ठी ठेवली.

"काका, पार्सल डेपोतून परत आल्यावर मी स्वतः मोजलं. दोन्ही बाजूंचा उतार सारखाच आहे, आणि नेहमीपेक्षा उभा. तुमचे आकडे कुठून आले?"

मी विचारलं, कळलं होतं तर कवळी बसवली कशाला?

"परत पाठवली असती तर तुम्ही भांडला असता," ते म्हणाले. "आणि अप्पांना काहीतरी सांगावं तर लागणारच होतं. तुमच्या चिठ्ठीत दोन बाजूंना दोन आकडे होते, म्हणून जबडा वाकडा म्हणालो."

ती फिल्म मी नांदेडला आणली, नीट मोजली आणि नवी कवळी केली. ती बसली. अप्पांनी आरशासमोर मोठ्याने चार बोल्या पुकारल्या, दात हलले नाहीत. पुकारायचं काम तोवर दुसऱ्याकडे पक्कं झालं होतं. अप्पांनी मला विचारलं, "जबडा सरळ केलास व्हय रे?"

मी हो म्हणालो.

पहिल्या खोट्याला राग होता, घाई होती, दुष्काळ होता. या 'हो'ला काही नव्हतं. अप्पा अजून मोंढ्यात येऊन बसतात. माझा वाकडा जबडा या पोरानं सरळ केला, असं भेटेल त्या नव्या माणसाला सांगतात. मी समोर असलो तर मला चहा पाजतात, आणि मी तो पितो. दोनदा खरं सांगायला म्हणून गेलो, आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो.

माझं मी इथे लिहून टाकलं. पण डॉक्टर, वाकडा हा शब्द तुमचा आहे, आणि फिल्म तुमच्याजवळ आहे. ती मी तुम्हाला परत केली आहे. ती घेऊन मोंढ्यात या आणि अप्पांना सांगा, त्यांचा जबडा कधी वाकडा होता का? आधी मी बोलतो. पण मी बोलून झाल्यावर तुम्ही गप्प राहायचं नाही. एवढी एक अट मी घालतोच आहे, सवय जात नाही. बोला, कधी येता?