वहिनीने काढलेलं जाळं

माझी वहिनी डहाणूकडची, समुद्रकाठची. सुरतेला नोकरीत असताना तिची आणि माझ्या भावाची ओळख झाली आणि लग्न करून ती आमच्या अमळनेरच्या शेतकरी घरात आली. ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी तिला कधी धड जमली नाही. शेजारच्या बाया हसायच्या, तीही हसायची. माहेरच्या समुद्राबद्दल मात्र ती फारसं बोलत नसे. आमच्या घरात मासे शिजत नाहीत, म्हणून असेल.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या माहेरी नव्या घराची वास्तुशांत होती. भावाला रजा मिळाली नाही, म्हणून वहिनी, मी आणि माझे वडील, असे तिघं गेलो. वडिलांना आम्ही सगळे आबा म्हणतो. त्यांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. वाळूत उभे राहून, सगळीकडे पाणीच पाणी बघून म्हणाले, "बठ्ठं पाणीच शे!"

कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा धाकटा भाऊ ओसरीवर हात धरून बसलेला दिसला. आदल्या संध्याकाळी जाळं टाकून परतताना होडीत पडलेल्या शिंगाळ्याचा काटा त्याच्या तळहातात घुसला होता. त्या माशाचा काटा विषारी असतो. हात कोपरापर्यंत सुजला होता. त्याचा होडीवरचा जोडीदार लग्नाला गेलेला. आणि जाळं अजून पाण्यात. उशीर झाला तर खेकडे मासे कुरतडतात, जाळंही फाडतात.

वहिनीने ओढणी कमरेला बांधली. "मी जाते."

"ताई, तू? किती वर्षांत गेली नाहीस."

"समुद्र बदलला का मधे?"

तिचा हा भाऊ लहान होता तेव्हा तिच्या वडिलांबरोबर होडीत तीच जायची, हे मला त्या दिवशी कळलं. मी सोबत निघाले. आबाही उठले. "मी बी येस."

"आबा, पोहता येतं?"

"मी तापीमा पव्हेल शे!"

"मग मधोमध बसा. काही झालं तरी उभे राहू नका."

घरात सासऱ्यांशी ती खाली बघून बोलते. इथे तिने त्यांना तरंगायचं जाकीट घालून स्वतः बंद आवळले आणि आबा गुपचूप बसले.

तिने दोरी ओढून होडीचं मशीन सुरू केलं. किनारा नजरेआड झाला नव्हता, तरी मला होडी लागली. ती मात्र मागे वळून सुरूची झाडं आणि गावातली पाण्याची टाकी बघत होती. दोन्ही एका रेषेत आली तसं तिने मशीन बंद केलं. थोड्या अंतरावर जाळ्याचं काळं निशाण डुलत होतं.

ती पाय रोवून जाळं ओढू लागली. बोय, पापलेट, एक चांगला मोठा रावस. मासा जाळ्यातून सोडवताना तिची बोटं अशी चालत होती की मी उलटी करायची विसरले. मग एकदम जाळं अडकलं. खाली खडक होता. तिने ओढलं तशी होडी एका बाजूला कलली. आबांनी फळी घट्ट धरली.

"सोड ना वहिनी, कापून टाक!" मी ओरडले.

"भावाचं जाळं आहे," ती म्हणाली. तिने दोर सैल सोडला, वल्हं घेतलं आणि होडी हळूहळू खडकाला वळसा घालून पलीकडे नेली. लाट येऊन होडी उचलली गेली, त्याच क्षणी तिने उलट्या बाजूने हिसका दिला. जाळं सुटलं. थोडंसं फाटलं, पण आलं सगळं.

आबांनी फळीवरची पकड सोडली. ते म्हणाले, "पोरी, तू आमनाकडे नुसती भाकरी थापत बसनी व्हती का?"

ती मोठ्याने हसली. आमच्या घरात मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. घामाने आणि खाऱ्या पाण्याने तिचा चेहरा चमकत होता, आणि ही बाई आमच्या घरची आहे, याचा मला फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशीही तिच्या भावाच्या हाताची सूज उतरली नव्हती. संध्याकाळी टाकलेलं जाळं काढायला ती पुन्हा निघाली. आबा किनाऱ्यावरच्या बायांना आपल्या सुनेचं कौतुक सांगत थांबले. मी होडीत बसले. या वेळी तिने जाळ्याचा दोर माझ्या हातात दिला.

"हिसका नको देऊ," ती म्हणाली. "लाट उचलते तेव्हाच ओढ."

मी लाटेची वाट पाहिली आणि ओढलं.