बोहोलचे व्याही

फिलिपिन्समधल्या बोहोल बेटावर जन्मलेल्या माणसालाही बोहोलबद्दल चार गोष्टी ऐकवील असा एकच मनुष्य मला माहीत आहे, आणि तो वारंगा फाट्यावर ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. हे माझे थोरले साडू. गिऱ्हाईक फॅनबेल्ट मागायला आलं, की बेल्ट शोधता शोधता ते त्याला त्या बेटाची सहल घडवून आणत. तिथे म्हणे हजारावर गोल टेकड्या आहेत. पावसात हिरव्यागार असतात आणि उन्हाळ्यात गवत वाळून तपकिरी होतात, म्हणून जग त्यांना चॉकलेटच्या टेकड्या म्हणतं. "आपल्या कळमनुरीचे माळ काय उन्हाळ्यात येगळे दिसतेत? पर आपल्याला तिकीट लावायचं सुचलं न्हाई," असं म्हणून ते बेल्ट गिऱ्हाइकाच्या हातात देत. तो बऱ्याचदा दुसऱ्याच ट्रॅक्टरचा निघे.

इतिहासही सोडत नसत. प्रवाळाच्या दगडांची जुनी चर्चं तिथे आहेत, आणि त्यांच्या चुन्यात अंड्यातला पांढरा भाग कालवला होता, असं सांगतात. हे ऐकल्यापासून साडूंना एकच घोर लागला होता. "मंग पिवळं कोण खाल्लं?" हा प्रश्न त्यांनी मला, एसटीच्या कंडक्टरला आणि एकदा तर वसुलीला आलेल्या बँकेच्या साहेबालाही विचारला. तिथल्या मुठीएवढ्या, बटबटीत डोळ्यांच्या टार्सियर नावाच्या प्राण्याला गोंगाट सोसत नाही, पिंजऱ्यात घातला तर डोकं आपटून जीव देतो, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज आपोआप खाली येई. आणि तिथल्या सरदारानं व स्पेनच्या दर्यावर्द्यानं हाताला चीर देऊन, एकमेकांचं रक्त दारूत मिसळून पिऊन दोस्ती केली, हा प्रसंग तर ते डोळ्यांनी पाहिल्यासारखा रंगवत. "ही व्याहीभेटच की हो! आपल्याकडं गळाभेट अन् नारळ, त्यांच्याकडं रगत. मान बराबरीचा पायजे, येवढंच."

या सगळ्या माहितीचं मूळ म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. ती डॉक्टरकी शिकायला फिलिपिन्सला गेली आणि तिनं तिथल्याच, बोहोलच्या मुलाशी लग्न ठरवलं. साडूंनी एक दिवस जेवण सोडलं, दुसऱ्या दिवशी होकार दिला. पण ते दिवस करोनाच्या टाळेबंदीचे. लग्न झालं तिकडे, आणि अक्षता पडल्या इकडे मोबाईलवर. व्याही नदीवर नाव चालवणारा गडी. फोनवर आला की तोंडभर हसायचा, त्याच्या भाषेत खूप काही बोलायचा. लेक मराठीत सांगायची, "ते विचारतात, तब्येत कशी आहे, पाऊस झाला का." फोन ठेवला की साडू म्हणायचे, "सगळं बोलला. 'या' म्हणला न्हाई."

मानाच्या बाबतीत आमचे साडू म्हणजे वाळलेला बाभळीचा काटा. हट्टा गावच्या चुलतभावानं पोरीच्या लग्नाचं आवतन घरी न येता फोनवर दिलं, तर हे नवं धोतर नेसून, टोपी घालून दिवसभर दुकानात बसून राहिले, पण लग्नाला गेले नाहीत. मग बोहोलला कसे जाणार? पासपोर्ट काढून झाला होता. लेक दर आठवड्याला बोलावायची. आमची मेव्हणी रडायची, "चला की हो एकदा, पोरीचं घर तर बघू." हे म्हणायचे, "लेकीच्या बोलावण्यानं जात नसतेत. व्याह्यानं बोलवावं लागतंय." मी म्हटलं, लेकीला सांगून टाका, ती सासऱ्याच्या कानावर घालील. तर माझ्यावरच उखडले. "मागून घ्यावा तो मान कसला हो, साडू?" वर्षं तशीच गेली, आणि साडू बेटाची माहिती गोळा करत राहिले.

यंदा उन्हाळ्यात लेकीचा फोन आला. व्याही नावेतच छातीत कळ येऊन गेले. साडूंनी शटर ओढलं, घरी आले आणि बायकोला म्हणाले, "पिशवी भर."

मी चकित झालो. "आता जाता?"

"मयताला आवतन लागत न्हाई," ते म्हणाले.

परत आल्यावर मी भेटायला गेलो. तिकडे माती व्हायच्या आत पोचले होते. नदीकाठच्या घरात विहीणबाईंनी त्यांना जवळ बसवलं आणि लेकीनं त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं. मे महिन्यात तिथे गावोगाव जत्रा असते, प्रत्येक घराचं दार उघडं असतं, कोणीही यावं आणि जेवावं. व्याही दर वर्षी दारात उभे राहून म्हणायचे, यंदा येतील. बायको म्हणायची, अहो, एकदा बोलवा तरी. तर म्हणायचे, आपल्याच माणसाला बोलवायचं? बोलावलं म्हणजे परकं केलं.

हे सांगताना साडू माझ्याकडे बघत नव्हते. टेकड्या पाहिल्या का, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, ते मी गिळलं. मला त्या वेळी त्यांचा राग आला, आणि रागाहून जास्त माया आली.

परवा दुकानात एका ट्रकवाल्यानं त्यांना छेडलं, "काहो मालक, ते तुमचं बेट लई लांब असंल न्हाई?"

साडूंनी हातातला बेल्ट त्याच्यापुढे ठेवला.

"न्हाई," ते म्हणाले. "आमाला वाटलं व्हतं तेवढं लांब न्हाई."