उघड्या दाराचे सर

अख्ख्या नांदेडात दाराला कधीच कडी न लावणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माणूस कॉलेजात सुरक्षा शिकवायचा. साधीसुधी नाही, देशोदेशींची. युद्ध, सरहद्द, तोफा, सगळं. मी त्यांच्याकडे सहा वर्षं पोळ्या केल्या. पहिल्या दिवशी दार सताड उघडं पाहून मला वाटलं, आत काही वाईट झालंय. उंबऱ्यातच थांबले. आतून आवाज आला, "या बाई, दार उघडंच आहे." पुढं रोज हेच म्हणायचे, जसं काही मला दिसत नव्हतं.

चोर येतील म्हटलं की सर चष्मा कपाळावर चढवायचे. "दार लावलं की आतला सुरक्षित होतो. पण बाहेरचा?"

"सर, भाईरचा चोर हाय."

"हे कुणी ठरवलं?"

एकदा त्यांच्या नव्या चपला गेल्या. चार दिवस सर न्हाणीतल्या निळ्या स्लिपरा घालून कॉलेजात गेले आणि म्हणाले, "ज्यानं नेल्या त्याचे पाय तरी उन्हात भाजत नसतील." दूध पिऊन जाणाऱ्या मांजरीचीही ते बाजू घ्यायचे. शेवटी मी पातेल्याच्या झाकणावर वरवंटा ठेवू लागले. वरवंटा उचलायचं सरांनाही सुचेना, त्यामुळं तेव्हापासून मांजर आणि सर, दोघंही दुधावाचून राहिले. एकदा धीर करून विचारलं, एवढ्या पुस्तकांत असतं तरी काय? म्हणाले, "बाकीचे विचारतात, देश सुरक्षित कसा ठेवायचा. आम्ही विचारतो, सुरक्षित कुणाला ठेवायचं, आणि कुणापासून."

"मग काय निघालं उत्तर?"

"अजून प्रश्नच चाललाय."

तीस वर्षं शिकवून अजून प्रश्नच! इकडं माझी पोळी तेवढ्यात करपली.

मग बिल्डिंगच्या फाटकावर वही आली. कामवाल्या बायांनी नाव, कुणाकडे, काय काम, सगळं लिहायचं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. वॉचमन मागं उभा राहून बघायचा आणि मी एकेक अक्षर जुळवत राहायची. सरांना हे कळलं, तर दुसऱ्या दिवशी माझ्याआधी तेच वहीपाशी हजर. 'कुणाकडे'च्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'माझ्याकडेच'. 'काम'च्या रकान्यात, 'अजून सापडलेलं नाही'.

वॉचमन म्हणाला, "सर, तुमी कामून लिहून राहिले? तुमी तर इथलेच."

"मग बाई कुठल्या?"

महिनाभर सर रोज लिहीत राहिले. एके दिवशी वहीच गायब झाली.

त्यानंतर त्यांनी पुस्तक लिहायला घेतलं. म्हणाले, "बाई, यात मंत्री आहेत, सेनापती आहेत. पोळ्या करणारी बाई नाही. सांगा, तुम्हाला सुरक्षित कधी वाटतं?" मी "उद्या सांगते" म्हणून परात धुवायला घेतली. उद्या-उद्या करत वर्ष गेलं. सर रिटायर झाले, पुण्याला लेकीकडे निघाले. त्या दिवशी पहिल्यांदाच दाराला बाहेरून कडी घालायची होती, तर ती गंजून हलेना. मी खोबरेल लावून ओढली.

"तुमचं उत्तर राहिलं, बाई."

मी म्हटलं, "दशम्या डब्यात हायती. आजच खावा."

उत्तर मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. आमचे मालक वारल्यापासून मी घरी दोन कड्या लावते, तरी भांडं वाजलं की दचकते. सरांकडे दार सताड उघडं असायचं, माझी पाठ दाराकडे, आणि आतल्या खोलीत सर आपल्या पुस्तकांशी मोठ्यानं भांडत असायचे. त्या तासाभरात मी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. एवढंच सांगायचं होतं. पण बाईमाणसानं असं कसं सांगावं, म्हणून राहिलं. आता पुस्तक छापलंही असेल, माझ्यावाचून.

हल्ली मी त्याच जिन्यानं वरच्या मजल्यावर जाते. तिथं बेल दाबावी लागते. दारातल्या भोकातून कुणीतरी बघतं आणि विचारतं, "कोण?"

मी म्हणते, "पोळ्यावाली."