पापडांच्या डब्यातलं रीळ

बर्मिंगहॅमला आमच्या शेजारी एक इंग्रज बाई राहायच्या. नव्वदी उलटली तरी कचऱ्याचे बिन स्वतः ओढून आणायच्या. त्यांची आई मूकपटांत विनोदी कामं करायची. शिडीवरून लोंबकळायचं, तोंडावर पीठ सांडून घ्यायचं, धाडकन पडायचं आणि लोकांना हसवायचं. चार-पाच वर्षं बरं चाललं. मग या बाईंच्या वेळी तिला दिवस गेले, आणि आईचं पडणं-झडणं थांबलं. ती बाळंतपणातून उठेपर्यंत सिनेमा बोलायला लागला होता. तिला परत कुणी बोलावलं नाही.

घरात आई कधी हसल्याचं बाईंना आठवत नव्हतं. वडील म्हणायचे, तिला काही येतच नव्हतं, सुटलं ते बरं झालं.

"ती खरंच चांगली होती का, एवढंच मला बघायचंय," बाई मला म्हणाल्या. "माझ्यापायी तिचं काय गेलं, ते तरी कळेल."

आईच्या कामातलं एकच रीळ उरलं होतं, गंजक्या पत्र्याच्या डब्यात. ते लावायला मशीन नव्हतं, म्हणून त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. केअर होममध्ये जाताना त्यांनी तो डबा माझ्या हवाली केला. मी एका फिल्म संग्रहालयाला ईमेल केली. त्यांचं माणूस यायला सहा महिने लागणार होते. तोवर थंड, हवेशीर जागी ठेवा, असं त्यांनी कळवलं.

आमचे हे म्हणाले, गॅरेजमध्ये ठेव. मी कशाला ऐकतेय! तीस वर्षं मी या देशातल्या दमटपणाशी भांडते आहे. माझे पापड घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, घर तापवणाऱ्या बॉयलरच्या उबदार कपाटात असतात आणि वर्षभर सादळत नाहीत. रिळाचीही मी तीच सोय केली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, डब्याच्या झाकणाला टेप लावली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांनाच ऐकवत आले होते.

संग्रहालयातली मुलगी आली. तिने बागेत नेऊन डबा उघडला, आणि आंबूस वास सुटला. आत तपकिरी भुकटी होती. ती म्हणाली, या जुन्या फिल्मला ऊब आणि कोंडलेली हवा म्हणजे विष. ती आपोआप पेटून घराला आग लागली नाही हे नशीब. मी विचारलं, गॅरेजमध्ये असती तर? ती हातमोजे काढत राहिली. हे ‘तरी मी सांगत होतो’ म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

वीतभर पट्टी तेवढी वाचली होती. तिच्यावर चित्र नव्हतं, फक्त बाईंच्या आईचं नाव होतं.

ती घेऊन मी केअर होममध्ये गेले आणि पापडांसकट सगळं सांगितलं. सांगताना मला रडू आवरेना. बाईंनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली, अक्षरं वाचली.

"नाव मला माहीतच होतं," त्या म्हणाल्या.

पट्टी त्यांनी मांडीवर ठेवली. मग माझाच हात थोपटत म्हणाल्या, "चला, वडील म्हणायचे तेच खरं धरू. काही येत नव्हतं तिला. म्हणजे माझ्यापायी काही गेलं नाही."

त्यांचा यावर विश्वास नव्हता. माझाही नव्हता, पण मी मान हलवली.