न उतरवायची परांची

सुमन गेली तेव्हा मी वॉर्डाखाली चहा घ्यायला गेलो होतो. वर आलो तर नर्स म्हणाली, "बाबा, बसा." मी बसलो नाही. बसून काय होणार होतं...

मी इमारतींना बांबूच्या परांच्या बांधायचो. आमच्या बदलापुरात जिकडे बघाल तिकडे इमारती उठतायत, आम्ही राहतो त्या शिरगावात तर दाराबाहेरच काम. काथ्याची दोरी भिजवून बांधावी लागते, वाळली की गाठ आवळते. भिजवायचं काम बायकोचं, सुमनचं. मी विसरायचो, ती नाही. "तुम्ही वरनं पडलात तर माझं फुकट पांढरं कपाळ," म्हणायची आणि हसायची.

मग तिला दम लागायला लागला. चार पायऱ्या चढली की थांबायची. तिचा भाऊ असाच तरणाताठा गेला होता. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझा धंदा विचारला आणि म्हणाल्या, "काका, आपल्या पेशीतही परांची असते. काही प्रथिनं काम करणाऱ्या दुसऱ्या प्रथिनांना जवळ, नीट जागेवर धरून ठेवतात, म्हणून एकाचा निरोप दुसऱ्याला पोचतो. काकूंच्या हृदयात त्यातलंच एक प्रथिन जन्मापासून बिघडलेलं आहे. निरोप चुकतात, स्नायू सैल पडत चाललाय."

मला एकदम धीर आला. परांचीच ना! म्हटलं, "मग ती उतरवा, नवी बांधा."

सुमन खाटेवरून म्हणाली, "बाई, ह्यांना नका हो देऊ बांधायला. आमच्या घरातली मांडणी अजून हलते."

बाई हसल्या, मग म्हणाल्या, "ही उतरवता येत नाही, काका. इमारत झाली तरी ही आतच राहते. हिच्यावरच सगळं उभं असतं."

मी जन्मभर परांची बांधली ती उतरवायलाच. काम झालं की गाठी कापायच्या, बांबू टेम्पोत टाकायचे. कायमची परांची माझ्या डोक्यात बसेना. घरी येताना सांगत राहिलो, अगं, निघेल काहीतरी. ती म्हणाली, "तुम्हाला कळलं नाही. मला कळलं." गोळ्यांनी पायांचं पाणी उतरायचं, पुन्हा भरायचं... निघालं काहीच नाही.

लोक म्हणतात, सुटली बिचारी. मला तो शब्द ऐकवत नाही. माझ्या धंद्यात गाठ सुटली म्हणजे माणूस खाली.

शेवटचं दवाखान्यात न्यायच्या सकाळी तिने धाप टाकत काथ्या भिजत घातला होता. "परत आलात की लागेल," म्हणाली. 'आलो' नाही म्हणाली, 'आलात' म्हणाली. बादली अजून मोरीत आहे. काथ्या कुजलाय, वास मारतो. शेजारीण म्हणते, फेका आता. पाणी आटलं की मी वरून तांब्याभर ओततो.